एक्केचाळिसाव्या वर्षी लावलेला ज्युदोचा क्लास, चार महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

मागच्या पावसाळ्यात आई बाथरूममध्ये घसरली आणि पडताना तिने हात टेकवला, झालं, उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, वेणीसुद्धा मीच घालून द्यायचे. हाडांचे डॉक्टर एक्सरे दाखवताना म्हणाले की पडताना माणूस हात टेकवतोच, त्याला कोणी पडायला शिकवलेलं नसतं ना. ते माझ्या मनात जे बसलं ते बसलंच. मी एक्केचाळीस वर्षांची, शाळेतल्या खोखोनंतर कुठल्याच मैदानावर पाय ठेवलेला नाही, पण काहीतरी शिकायचं हे तेव्हाच पक्कं केलं.

ज्युदोच्या आधी एका दुसऱ्या क्लासला जाऊन आले तेही सांगते, कारण नवीन माणूस तिथेच फसतो. बसल्या बसल्या पॅकेजचा कागद पुढे आला, अठरा महिन्यांत ब्लॅक बेल्ट, प्रत्येक बेल्टच्या परीक्षेची फी वेगळी, ड्रेस त्यांच्याकडूनच घ्यायचा आणि तोही आजच. मला पाठीचा काही त्रास आहे का, बीपी आहे का, एक शब्द विचारला नाही. दोन मिनिटं हातपाय हलवून घेतले आणि थेट कमरेच्या वर किका मारायला लावल्या, दुसऱ्या दिवशी मांडीचा मागचा स्नायू असा धरला की जिना उतरता येईना. यात त्या कलेचा काही दोष नाही, शिकवणाऱ्याला घाई होती.

मग मैत्रिणीच्या मुलाकडून या ज्युदो क्लासचं कळलं. एका शाळेचा हॉल, सोमवार बुधवार शुक्रवार संध्याकाळी सात ते साडेआठ, महिन्याला बाराशे रुपये. सरांनी पहिल्या दिवशी पैसे घेतलेच नाहीत, म्हणाले, "ताई, आज नुसतं बसून बघा, आणि जाताना मॅटवर टाच दाबून बघा." दाबली. चाळीस मिलिमीटरची मॅट, टाच खाली फरशीला लागत नाही. तुम्ही कुठेही जा, जिथे माणसाला उचलून टाकतात तिथे हे आधी बघाच, वीस मिलिमीटरच्या पातळ मॅटवर किक-पंच ठीक आहे पण पाठीवर पडायला ती नाही चालत.

आणि मग तीन आठवडे आम्ही फक्त पडलो. खरंच फक्त पडलो. आधी झोपूनच हात आपटायचे, मग उकिडवं बसून मागे जायचं, मग उभं राहून. हात अंगापासून थोडे लांब तिरपे, तळवा खाली, मनगटापासून कोपरापर्यंत सगळा हात एकदम मॅटवर आपटला पाहिजे, नुसतं कोपर टेकलं तर झणका थेट खांद्यात जातो. श्वास सोडायचा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हनुवटी छातीला. सरांनी माझ्या हनुवटीखाली रुमालाची घडी धरायला लावली आणि म्हणाले, "पट्ट्याच्या गाठीकडे बघत पडा, रुमाल सुटला की समजायचं डोकं आपटलं." पहिल्या संध्याकाळी रुमाल किती वेळा सुटला याची मोजदाद नाही. शेजारी अकरावीतली एक ब्राऊन बेल्टवाली मुलगी उभी, ती प्रत्येक वेळी "काकू, मान!" असं ओरडायची, आजही रात्री गादीवर पडताना मला तो आवाज ऐकू येतो. तिसऱ्या आठवड्यात एकदा पडले, हात दोन्ही बाजूंना एकाच वेळी फट्‌ करून आपटले, आणि रुमाल जिथल्या तिथे. लागलंच नाही काही. मी छताकडे बघत तशीच पडून राहिले आणि मला आईची फार आठवण आली.

या एका गोष्टीसाठी मी या क्लासला पैकीच्या पैकी मार्क देते. बाकीचं नंतर.

पडणं जमल्यावर ओ-गोशी, म्हणजे समोरच्याला कमरेवर घेऊन टाकायचं, आणि ओ-सोतो-गारी, म्हणजे बाहेरून पाय लावून मागे पाडायचं. मला वाटायचं ताकद लागते, तर तसं नाहीये, आधी समोरच्याचा तोल काढायचा, तो एका पायावर आला की मग फिरायचं. तोल न काढता उचलायला गेलात तर कंबर तुमचीच जाईल. सासरे एकदा न्यायला आले होते, ते सांगलीकडचे, तरुणपणी तालमीत घुमलेले, त्यांनी इप्पॉन सेओई नागे, म्हणजे खांद्यावरून टाकायचा डाव, बघितला आणि दारातूनच म्हणाले, "अगं ही तर आपली धोबीपछाड!" मग सर आणि ते अर्धा तास बोलत बसले, फरक इतकाच निघाला की कुस्तीत उघडं अंग धरायचं आणि इथे जाकिटाची कॉलर आणि बाही.

जाकिटावरून आठवलं, ड्रेसची घाई करू नका. महिनाभर मी ट्रॅकपँट आणि जाड टीशर्टवरच होते, जोडीत काम असेल तेव्हा सर जुनं जाकीट घालायला देत. मग सिंगल विव्हचा, म्हणजे पातळ विणीचा ड्रेस घेतला, बावीसशेला. तो डबल विव्हचा जाड ड्रेस स्पर्धेवाल्यांसाठी, आपल्या हवेत नवख्याला त्याचा उपयोग नाही, घाम आणि वजन दोन्ही वाढतं. सुती असतो त्यामुळे आटतो, एक साइज मोठा घ्या आणि गरम पाण्यात टाकू नका, माझी बाही पहिल्याच धुण्यात चार बोटं वर गेली. डावी बाजू उजवीच्या वर येईल असं घालायचं, जपानमध्ये उलटं फक्त मृताला घालतात, हे सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं.

बेल्टबद्दल मी विचारलं होतं, मागचा अनुभव होता ना. भिंतीवर ज्युदोचे जनक जिगोरो कानोंचा फोटो आहे, त्यांनीच १८८२ मध्ये तोक्योतल्या एका देवळात बारा तातामींच्या, म्हणजे जपानी गवती चटयांच्या जागेत कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. सर म्हणाले की ब्लॅक बेल्ट कानोंनी आणला, पण हे पिवळे-नारिंगी-हिरवे रंग पुढे युरोपात रुजले, शिकणाऱ्याला मध्ये मध्ये हुरूप यावा म्हणून. तेव्हा रंगाच्या मागे लागू नका. चार महिने झाले, मी पांढऱ्यावरच आहे आणि मला काही घाई नाही.

आमच्यात एक कमी दिसणारा मुलगा आहे, सतरा-अठरा वर्षांचा. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये मध्य प्रदेशच्या कपिल परमारने ब्राँझ आणलं, ज्युदोतलं भारताचं पहिलं पॅरालिम्पिक पदक, ते ऐकून हा आला. दृष्टिहीनांच्या ज्युदोत आधी दोघांनी एकमेकांना धरायचं आणि मगच सुरुवात, धरण्यासाठीची झटापट नाही. त्याच्याबरोबर सराव करताना सर मलाही डोळे मिटायला लावतात. आणि काय सांगू, बाहीतून कळतं हो, समोरचा कुठल्या पायावर आहे ते कापडाच्या ताणावरून कळतं! तो मुलगा माझ्या आधी ओळखतो की मी आता फिरणार. डोळे उघडे असताना मी नुसती पायांकडे बघत बसायचे आणि उशीर व्हायचा.

खटकणाऱ्या गोष्टी पण आहेत. बायकांना कपडे बदलायला धड जागा नाही, वर्गात दाराला कडी लावून बदलावं लागतं आणि ती कडी नीट बसत नाही. पावसाळ्यात मॅटला कुबट वास येतो, रोज पुसल्या पाहिजेत, पुसतात दोन दिवसांनी. मॅटच्या जोडात फट पडते, त्यात माझा पायाचा अंगठा अडकून मुरगळला, पंधरा दिवस टेप लावून यायचे. मी सांगितल्यावर कडेच्या मॅट दोरीने आवळल्या पण मधल्या अजून तशाच आहेत. पहिला अर्धा तास लहान मुलं बरोबर असतात, तेव्हा मोठ्यांकडे कमी लक्ष जातं. माझ्या वजनाची बाई एकच आहे, ती नाही आली की मग जोडी शोधत बसायचं.

पण दोनदा हाताने थोपटलं की समोरच्याने त्याच क्षणी सोडायचं, हा नियम इथे कोणी मोडत नाही. एकदा एका नवीन मुलाने केसा गातामेमध्ये म्हणजे गळ्याभोवती हात घालून दाबून धरल्यावर सेकंदभर उशिरा सोडलं, सरांनी सगळ्यांचा सराव थांबवून त्याला बाहेर बसवलं, आवाज न चढवता. मोठ्या वयात सुरू करणाऱ्या बाईला अनोळखी माणसाच्या हाताखाली जाताना हाच भरवसा लागतो. सांधा पिळायचे आणि गळा आवळायचे डाव नवख्यांना इतक्यात शिकवतच नाहीत, तेही मला पटलं.

यायचं असेल तर आधी दोन वर्ग बसून बघा, आणि पाठ, मान, गुडघा, बीपी काहीही असेल तर सरांना आधीच सांगा, ते वहीत लिहून ठेवतात. दोन तास आधी जेवू नका. अंगठी, बांगड्या, मंगळसूत्र घरी काढून ठेवून या. नखं कापलेली हवीत, हाताची आणि पायाची, सर दारातच बघतात, नेलकटर तिथेच खिळ्याला टांगलेला आहे.