गिअरबॉक्स न उतरवता क्लचचं काम झालं (एक स्टार कापलाय, कारण खाली)

गाडी पेट्रोल हॅचबॅक, हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबावर चालणारा) क्लच. इंजिन चालू असताना पहिला गिअर अडायचा आणि रिव्हर्स टाकला की खर्रर्र! पेडल दोन-तीनदा मारलं की मात्र निमूट पडायचा. आधीच्या वर्कशॉपने बोनेटसुद्धा न उघडता ‘क्लच प्लेट गेली’ म्हणून अख्ख्या सेटचं एस्टिमेट हातात ठेवलं. तो कागद घेऊनच या गॅरेजमध्ये आलो.

मिस्त्रींनी कागद पाहिलाच नाही. इंजिन बंद करून सगळे गिअर एकेक टाकायला लावले. लोण्यासारखे पडले. “गिअरचा लिव्हर, त्याची केबल ठीक आहे. चालू इंजिनवरच अडतोय ना? म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाहीये.” मग हँडब्रेक ओढून चौथ्या गिअरमध्ये क्लच सावकाश सोडायला सांगितला. इंजिन धाडकन बंद. प्लेट घसरत असती तर ते फिरतच राहिलं असतं. शिवाय घसरणारी प्लेट चढावर रेस वाढवते, वेग वाढत नाही, आणि माझी तशी तक्रारच नव्हती. रिव्हर्सच आधी का ओरडतो, हेही विचारून घेतलं: बऱ्याच गाड्यांत त्याला सिंक्रो (गिअर जुळण्याआधी त्यांचा वेग सारखा करणारा भाग) नसतो.

खालून स्लेव्ह सिलेंडरचं (ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा भाग) रबर बूट मागे सरकवलं, तर आत ऑइल पाझरलेलं. या गाडीत ब्रेक आणि क्लचला एकाच डबीतून ऑइल जातं, त्यामुळे गळती ताबडतोब पाहणं गरजेचंच होतं. नवा सिलेंडर, ताजं डॉट ४ ऑइल, आणि नळीतून बुडबुडे यायचे थांबेपर्यंत ब्लीडिंग, म्हणजे आतली हवा काढणं. पूर्वी पेडल जमिनीपासून जेमतेम उचललं की गाडी हलायची, आता मध्यावर पकडते. रिव्हर्सही गुपचूप पडतो. काही गाड्यांत हा सिलेंडर गिअरबॉक्सच्या आतच असतो, तिथे उतरवण्याला पर्याय नाही, हेही त्यांनी आपणहून सांगितलं.

मला खरं आवडलं ते पुढचं. न्यूट्रलमध्ये पेडल सोडलं की बारीक घरघर येते, दाबलं की जाते. मी विचारल्यावर म्हणाले, “इनपुट शाफ्टचं, म्हणजे क्लचकडून गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याचं बेअरिंग असणार. पेडल दाबल्यावर आवाज आला असता, तर रिलीज बेअरिंग, म्हणजे क्लच दाबून सोडवणारं, म्हणालो असतो. सध्या चालवा, वाढला तर या.” एवढ्यावर गिअरबॉक्स खोलायला लावणारे कमी नाहीत.

आता कापलेल्या स्टारबद्दल. संध्याकाळी देतो म्हटलेली गाडी दुसऱ्या दिवशी मिळाली, मधल्या वेळात फोन कुणी उचलला नाही. जुना सिलेंडर मागितल्यावरच दाखवला. आणि स्टिअरिंगवर ग्रीसचे ठसे. गाडी देताना स्वतःच कव्हर घाला, तिथे कुणी घालत नाही.