एफ-१५०चं नाक दोनदा उचललं त्याची गोष्ट (लेव्हलिंग किटचा रिव्ह्यू)

आधीच सांगतो, गाडी २०१८ची फोर्ड एफ-१५० पिकअप, सुपरक्रू (म्हणजे चार दारांची), फोर बाय फोर, आणि मी राहतो नॉर्थ कॅरोलिनात, कॅरीला. दीड वर्षात या एकाच गाडीला दोन लेव्हलिंग किटं बसवली, पहिलं हौसेनं आणि दुसरं अक्कल आल्यावर. सध्या जे कुणी रात्री बारा वाजता व्हिडिओ बघत बघत कार्टमध्ये स्पेसर (गाडी उचलायचे ठोकळे) टाकतायत त्यांनी दहा मिनिटं थांबून हे वाचा, मग काय ते ठरवा.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. बहुतेक पिकअप शोरूममधून निघतात तेव्हा मागनं वर आणि पुढनं खाली असतात, याला इकडे रेक म्हणतात, हौद्यात माल टाकला किंवा ट्रेलर लावला की मागचे पाटे बसतात आणि गाडी सरळ होते असा तो हिशोब. पण आमच्यासारखे लोक आठवड्यातले सहा दिवस रिकामा हौदा घेऊन ऑफिस आणि इंडियन ग्रोसरी एवढंच फिरतात, त्यामुळे गाडी सतत वाकून रस्त्यावर पडलेलं काहीतरी शोधतेय असं दिसतं. ते डोळ्याला खुपतं, खोटं कशाला बोलू. मग पुढचं सस्पेन्शन इंच-दोन इंच उचलून पुढचं-मागचं एका लेव्हलला आणायचं, झालं लेव्हलिंग किट.

मोजायचं कसं हे मात्र नीट ऐका कारण निम्मे लोक इथेच चुकतात. जमिनीपासून मोजायचं नाही, टायरमधल्या हवेनं फरक पडतो. चाकाच्या मधोमधपासून सरळ वर फेंडरच्या काठापर्यंत टेप धरायचा. माझ्या गाडीला पुढं साडेएकवीस इंच आलं, मागं साडेतेवीस. पण फेंडरची कमान मागंपुढं सारखीच कापलेली असेल असं काही नाही, म्हणून मी दाराखालच्या पट्टीवर गवंडी वापरतात तसली स्पिरिट लेव्हल ठेवून पण बघितलं, बुडबुडा चांगलाच मागं सरकला होता. म्हणजे फरक अंदाजे दोन इंच. आता शहाण्या माणसानं काय करावं, दोन इंच किंवा त्याहून कमीचं किट घ्यावं. मी अडीच इंचाचं घेतलं. का, तर मला टायर मोठे टाकायचे होते, २७५/६५ आर १८ काढून २७५/७० आर १८, म्हणजे जवळपास ३३ इंची. (माझ्या रिमवर हे टायर काहीही न उचलता आरामात बसले असते हे नंतर कळलं. असो.)

पहिलं किट ऑनलाइन घेतलं, ८० डॉलर, कंपनीचं नाव घेत नाही. खोका उघडला आणि डोकंच फिरलं, अडीच इंचाचं किट म्हणून मागवलं आणि हातात आलेला अॅल्युमिनियमचा ठोकळा जेमतेम सव्वा इंच जाड! मी रागानं परतीचं लेबल काढायला बसलो होतो, तेवढ्यात एका मित्रानं फोनवर समजावलं की बाबा रे, स्ट्रट (म्हणजे स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेला खांब) खालच्या आर्मवर, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्यावर, चाकाच्या अलीकडे, जवळपास मध्यावर टेकलेला असतो, त्यामुळे वर एक इंच घातला की चाकापाशी साधारण दोन इंच मिळतात. दाराच्या बिजागरीपाशी बोटभर ढकललं की कडेला दार हातभर सरकतं, तसंच. तर जाडी बघून कुणी घाबरू नका, आणि 'मला दोन इंच पाहिजेत' म्हणून दोन इंच जाडीचा ठोकळा तर अजिबात घेऊ नका.

हे स्पेसर दोन प्रकारचे येतात. एक स्ट्रटच्या डोक्यावर बाहेरून बसतो, दुसरा आत स्प्रिंगवर बसून तिला दाबतो. बाहेरच्या प्रकाराला स्प्रिंग खोलावी लागत नाही हा मोठा फायदा, कारण दाबलेली स्प्रिंग ती दाबून धरणाऱ्या कॉम्प्रेसरमधून निसटली तर माणूस जागेवर जाऊ शकतो, घरी उगाच वीरपणा करू नका. पण बाहेरच्या स्पेसरनं पूर्ण स्ट्रटच खाली ढकलला जातो, म्हणजे चाक लोंबकळतं तेव्हा कंपनीनं ठरवलेल्यापेक्षा जास्त खाली जातं, आणि मग वरच्या आर्मचा बॉल जॉइंट (आर्म आणि चाकामधला गोळ्याचा सांधा) आणि फोर बाय फोर असेल तर सीव्ही अॅक्सल (पुढचं चाक फिरवणारा दांडा) नको त्या कोनात जातात. आतल्या प्रकारात ते होत नाही, पण स्ट्रटला खाली उघडायला जागाच कमी उरते, स्पीड ब्रेकर उतरताना ठक्क असा आवाज येतो. फुकट काहीच मिळत नाही.

मी बाहेरचं घेतलं, मित्राला बोलावलं, ड्राइव्हवेमध्ये जॅक लावला. व्हिडिओत माणूस दोन तासांत हात पुसत उठतो, आम्हाला शनिवार अख्खा आणि रविवार दुपारपर्यंत लागलं. ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर क्लिपमधून आधी सोडवायची असते, आम्ही एका बाजूची विसरलो, आर्म खाली दाबला आणि ती वायर तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणली गेली, नशीब तुटली नाही. तसंच नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) मोकळा झाला की तो बाहेर कलंडू द्यायचा नाही, नाहीतर सीव्ही आतून निसटतो, आम्ही तो दोरीनं बांधून ठेवला होता. व्हील नट या गाडीला १५० फूट-पाउंडवर आवळायचे, टॉर्क रेंच नसेल तर मागून आणा पण अंदाजानं आवळू नका.

दिसायला? एक नंबर. पहिला आठवडा मी पार्किंगमध्ये वळून वळून बघत होतो. राइडमध्ये रिकाम्या गाडीला खास फरक जाणवला नाही, स्प्रिंग तीच, शॉक तोच.

मग सांगलीहून आण्णा आले. आण्णांनी तासगावच्या द्राक्षांच्या पेट्या वाहायला वीस वर्षं ४०७ चालवलीय, त्यामुळे त्यांचा सस्पेन्शनचा अभ्यास माझ्या इंजिनिअरिंगच्या डिग्रीपेक्षा भारी. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, मागं वाकून बघितलं आणि म्हणाले, "हे काय केलंयस? रिकामी गाडी मागनं उचललेलीच पायजे, माल भरला की बसती ती. आपन तर पाटा वाढवून घ्यायचो मागं." मी म्हटलं, आण्णा इकडे सगळे असंच करतात, दिसायला बरं दिसतं. ते काही बोलले नाहीत, फक्त हसले, आणि ते हसू मला गणपतीत आठवलं.

गणपतीत आमच्या ग्रुपचं सगळं सामान माझ्याच गाडीत असतं, कारण पिकअपवाला मीच एकटा. मखराच्या फ्रेम, बारा ढोल, स्पीकर, पाण्याचे खोके असं सगळं हौद्यात भरलं आणि गाडी मागनं बसली. आधीच पुढनं अर्धा इंच वर होती, आता नाक आभाळाकडे. रात्री परत येताना समोरचा प्रत्येक माणूस मला डिपर मारत होता. बायको म्हणाली, अरे अप्परवर आहेस का तू? मी डिपरवरच होतो. आण्णा मागच्या सीटवरून म्हणाले, "माजलेल्या खोंडासारखी मान वर करून चाललीय." गाडीत सगळे हसले, मी सोडून.

तरी मी सुधारलो नाही. ऑक्टोबरात झाडांचे रंग बघायला अॅशव्हिलकडे निघालो, मागं भाड्याचा कॅम्पर, साधारण ५००० पाउंडाचा. ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या आकड्यावर, येतो, म्हणजे ५०० ते ७५० पाउंड थेट गाडीच्या शेपटावर, त्यात हौद्यात सरपण आणि जनरेटर. वजन पुढच्या अॅक्सलवर ढकलणारा हिच होता, पण तो जुन्या उंचीला सेट केलेला, नवीन उंचीला परत सेट करावा लागतो हे माझ्या गावीही नव्हतं. आय-४० वर ओल्ड फोर्टचा घाट चढताना स्टीअरिंग असं हलकं झालं की जणू कुणी पुढची चाकं अलगद उचलून धरलीयत. शेजारून ट्रक गेला की गाडी हलायची आणि मी तिला सरळ करायला जरा उशिरा पोचायचो. घाम फुटला होता मला, एसी चालू असताना. याच राज्यात १ डिसेंबर २०२१ पासून पुढचा फेंडर मागच्यापेक्षा चार इंच किंवा जास्त उंच ठेवायला कायद्यानं बंदी आहे, त्या कॅरोलिना स्क्वॉटवाल्या (मुद्दाम नाक वर आणि शेपूट खाली करून फिरणाऱ्या) पोरांना मी भरपूर हसायचो, आणि इथे मीच त्यांचा धाकटा भाऊ होऊन घाट चढत होतो.

परत आल्यावर ठोकळे काढले. आता दुसरं किट, बिल्स्टीन ५१००. हा खरं तर किट नाहीच, नवीन शॉकची जोडी आहे, बॉडीवर खाचा असतात, रिंग ज्या खाचेत बसवाल त्याप्रमाणे स्प्रिंगची बैठक वर जाते आणि उंची ठरते. स्प्रिंग गाडीची जुनीच. मी सगळ्यात वरची खाच मागितली नाही, दीड इंचाच्या आसपास मिळेल अशी मधली घेतली, म्हणजे मागं अजून अर्धा इंच रेक शिल्लक. जोडीला ३०० डॉलरच्या वर गेले आणि स्प्रिंग खोलायची असल्यामुळे बसवायला दुकानातच दिलं, त्याचे ४५०. त्याआधी ज्या पहिल्या दुकानात विचारलं तिथला माणूस मला चार इंची लिफ्ट आणि नवीन चाकं गळ्यात मारायला बघत होता, मी ट्रेलर ओढतो हे तीनदा सांगूनसुद्धा. दुसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "मागं काय लावतोस?" तिथेच काम दिलं.

फरक? रिकाम्या गाडीत खड्ड्यावर थोडी कडक, ते मान्य करतो, बायको अजून बोलते. पण हायवेवर लेन बदलताना पुढचं नाक जे डुलायचं ते पूर्ण बंद, ब्रेक मारल्यावर डोकं खाली घालायची सवयही बरीच गेली. स्प्रिंगची बैठक वर सरकवणं हा शेवटी प्रीलोडचाच (स्प्रिंग आधीच दाबून ठेवायचा) प्रकार, त्यामुळे मोठ्या ब्रेकरवरून जोरात उतरलो तर हलकीशी ठक्क येते, हळू उतरलो की नाही. परवा तोच घाट तसाच कॅम्पर लावून चढलो, यावेळी हिच आधी सेट करून, आणि एका हातात चहाचा कप होता.

किट कुठलंही घ्या, नंतर अलाइनमेंट करावीच लागते, उंची बदलली की कॅम्बर, कॅस्टर, टो हे चाकांचे कोन सगळे हलतात, माझे ११० डॉलर गेले, न करता फिरलात तर त्याच्या कितीतरी पट टायरमध्ये जातील. हेडलाइट पण खाली करा. भिंतीपासून २५ फुटांवर सपाट जागी गाडी लावून आधीच्या उंचीची टेप भिंतीवर चिकटवून ठेवा, पाच मिनिटांचं काम आहे, समोरच्याचे शिव्याशाप वाचतात. टायर मी वर म्हटलं तेवढे मोठे टाकलेत तर स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा तुम्ही ६२ वर असता. वॉरंटीचं म्हणाल तर १९७५च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यामुळे बाहेरचा पार्ट लावला एवढ्याच कारणावर डीलर सगळी वॉरंटी उडवू शकत नाही, पण तुमच्या लिफ्टमुळेच सीव्ही गेला असं त्यानं दाखवलं तर तेवढा खर्च तुमचा.

कधीच काही ओढत नसाल, फक्त दिसण्यासाठी करायचं असेल आणि बजेट शंभरच्या आत असेल तर स्पेसर वाईट नाही, फक्त रेक जेवढा आहे त्यापेक्षा अर्धा इंच कमीच घ्या. ज्यांच्याकडे सिल्व्हरॅडो २५०० एचडीसारखी टॉर्शन बारवाली (पुढं स्प्रिंगऐवजी पीळ घेणारी सळई असलेली) गाडी आहे त्यांचं गणित वेगळं, तिथे त्या सळईला पीळ देणारी 'की' (key) बदलतात, माझा हात त्याला लागलेला नाही.

माझे जुने अडीच इंची ठोकळे गॅरेजमध्ये पडून आहेत, सध्या आण्णांनी लावलेल्या कढीपत्त्याच्या कुंडीखाली. कॅरी-एपेक्सच्या बाजूला कुणाला हवे असतील तर फुकट घेऊन जा, पण येताना गाडीला हिच लावलेला दिसला तर देणार नाही.