कमी पाण्यातली कार्पेट सफाई: कुठली पद्धत कुठे चालते

कमी पाण्याच्या पद्धती विकताना एकच मुद्दा पुढे केला जातो, तो म्हणजे कार्पेट लवकर वाळतं. ते खरंच आहे. गरम पाणी मारून ओढून घेण्याच्या पद्धतीत वाळायला सहा ते चोवीस तास जातात, इथे साधारण एक-दोन तासांत लोक वावरू शकतात. पण बॉनेट (फिरत्या मशीनखालच्या ओल्या पॅडने पुसणं), एन्कॅप्सुलेशन (मळ ठिसूळ करून वाळणारं द्रावण) आणि ओलसर भुकटी या तिन्हींना एकाच पंगतीत बसवलं की घोळ होतो. तिघींचं काम वेगळं, आणि बिघडण्याची तऱ्हाही वेगळी.

सुरुवात मात्र तिन्हींची सारखीच: व्हॅक्यूम. कार्पेटमधली बहुतेक घाण कोरडी असते. माती, वाळू, केस, कपड्यांचे धागे. त्यावर फवारा मारला की तिचा चिखल होतो, आणि तो बाहेर काढायला या पद्धतींत पुरेसं पाणीच नसतं. म्हणून फिरता ब्रश असलेलं अपराइट मशीन घ्यावं, सावकाश, एकदा उभं आणि एकदा आडवं. नुसत्या पाइपने भागत नाही. एकूण वेळेतला निम्मा इथे गेला तरी तो वाया गेला असं समजू नये.

ऑफिसमधल्या लूप कार्पेटला (धाग्यांचे फास न कापलेलं) आणि कार्पेट टाइलला एन्कॅप्सुलेशन सगळ्यात चांगलं. द्रावणातलं पॉलिमर मळाच्या कणांभोवती वाळून त्याचे ठिसूळ कण करतं, आणि ते पुढच्या व्हॅक्यूममध्ये निघून येतात. सगळी मदार या ठिसूळपणावर आहे, म्हणून नवं केमिकल घेतल्यावर आधी ते पातळ करून काचेच्या बशीत चमचाभर ओतावं आणि रात्रभर वाळू द्यावं. सकाळी पात्याने खरवडल्यावर त्याचा कोरडा चुरा उडायला हवा. बोटाला चिकटणारा किंवा मेणासारखा थर निघाला, तर तोच थर कार्पेटमध्ये राहणार आणि चपलांची धूळ धरून ठेवणार. असं केमिकल परत करावं.

उलट्या दिशांनी फिरणाऱ्या दोन आडव्या ब्रशांचं मशीन असेल तर काम असं होतं. चौरस मीटरला 100 ते 150 मिलिलीटर द्रावण पंपाने सारखं फवारायचं, पाच-दहा मिनिटं मुरू द्यायचं, मग मशीन दोन्ही दिशांनी फिरवायचं. ब्रश लव (कार्पेटचे वरचे धागे) उभी करतात आणि व्हॅक्यूममधून सुटलेले केस बाजूच्या ट्रेमध्ये गोळा करतात. मोठ्या मोकळ्या हॉलसाठी सायमेक्ससारखं तीन ब्रशांचं मशीन जास्त सोयीचं, कारण टाकीतलं द्रावण थेट ब्रशांवर उतरतं आणि वेगळी फवारणी करावी लागत नाही. फर्निचरच्या गर्दीत मात्र ते अडखळतं.

प्रमाण लेबलवरचंच ठेवावं. 1:32 म्हणजे दहा लीटर पाण्याला साधारण 310 मिलिलीटर. 'डाग जुना आहे' म्हणून दुप्पट टाकण्याचा मोह होतो, पण त्याने डाग दुप्पट निघत नाही, वाळलेलं पॉलिमर मात्र दुप्पट राहतं आणि रंग मंद दिसतो. पहिल्या खेपेला फार फेस आला तर दोष बहुतेक वेळा नव्या केमिकलचा नसून आधीच्या शॅम्पूच्या थराचा असतो. अशा कार्पेटला आधी एकदा पाण्याने खळखळून ओढून घेतलेलं बरं. आणि दुसऱ्या दिवशी व्हॅक्यूम झालाच नाही, तर ती सफाई अर्धीच झाली. कंत्राटात ही ओळ हवीच.

बॉनेटला जितकी नावं ठेवली जातात तितकी ती वाईट नाही, पण ती वरवरची आहे. 17 इंची, मिनिटाला 175 फेऱ्यांचं रोटरी मशीन, खाली ओलं करून पिळलेलं पॅड. वरचा तेलकट थर झटपट निघतो आणि कार्पेट उजळ दिसतं. एक बाजू काळी झाली की पॅड उलटायचं, दोन्ही काळ्या झाल्या की बदलायचं. इथेच कामचुकारपणा होतो. भरलेलं पॅड घाण उचलत नाही, पसरवतं आणि लवेच्या मुळाशी ढकलतं. कापलेल्या लवेवर गोल वळ उठतात. पॉलिप्रॉपिलीन हा कृत्रिम धागा कमी तापमानाला वितळतो, त्यामुळे मशीन एका जागी फिरत ठेवलं तर लव चपटी होते आणि ती परत उठत नाही. काही कार्पेट कंपन्या वॉरंटीतच रोटरी बॉनेट नको म्हणतात. काम घेण्याआधी तो कागद वाचावा. ऑर्बिटल मशीनवर (पॅड छोट्या वर्तुळांत हलवणारं) तेच पॅड बरंच सौम्य चालतं.

भुकटी लोकर, सिसल (एक वनस्पतीचा धागा) आणि तागासाठी राखून ठेवावी. डिटर्जंट आणि सॉल्व्हंटने ओलसर केलेला हा भुसा पातळ पसरायचा, ब्रशने लवेत उतरवायचा, वीसेक मिनिटं थांबायचं आणि ओढून घ्यायचा. कार्पेट जवळजवळ कोरडंच राहतं, त्यामुळे तागाचा तपकिरी रंग वर येण्याची भीती फारशी नसते. त्रास भुकटी काढण्याचा. दाट लवेत आणि भिंतीच्या कडेला ती उरते, व्हॅक्यूमची पिशवी भराभर भरते, ओढ कमी होते आणि ते लक्षातही येत नाही. मधेच पिशवी तपासावी. डबा उघडा राहिला की भुकटी सुकते, मग ती नुसता भुसा.

लोकरीवर फवारा मारायचाच असेल तर द्रावणाचा पीएच 5.5 ते 8.5 च्या आत ठेवावा. आधी आडोशाच्या कोपऱ्यात पांढरं फडकं द्रावणात भिजवून मिनिटभर दाबून धरावं. फडक्यावर रंग उतरला तर तिथेच थांबावं.

बॅकिंगपर्यंत (कार्पेटच्या खालच्या थरापर्यंत) मुरलेली कॉफी किंवा जनावराचं मूत्र या तिन्ही पद्धतींपैकी कशानेही सुटत नाही. वर स्वच्छ दिसतं, मग वाळताना ओल धाग्यांच्या टोकाकडे चढते आणि डाग सोबत घेऊन येते. थोडक्या जागेसाठी हलका फवारा मारून कोरड्या टॉवेलवर वजन ठेवणं पुरतं. मोठा भाग असेल तर पाण्याचं मशीनच आणावं लागतं.

आणि पॅड धुताना फॅब्रिक सॉफ्टनर टाकू नये. त्याचा थर बसून पॅड पाणी शोषेनासं होतं, आणि थोडा सॉफ्टनर पुढच्या कार्पेटवर उतरतो.