एबीएसचा दिवा झाकून माझ्याकडून ५७,००० रुपये उकळले

एबीएस म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा. चाकांचा वेग मोजणारे स्पीड सेन्सर आणि एबीएसचे मॉड्यूल, म्हणजे तिचे नियंत्रण करणारा भाग, बदलल्याचे सांगून एका गॅरेजवाल्याने माझ्याकडून ५७,००० रुपये घेतले, बिघाड जिथल्या तिथे ठेवला आणि तो माझ्या लक्षात येऊ नये म्हणून डॅशबोर्डवरचा, बिघाडाचा इशारा देणारा एबीएसचा दिवाच आतून झाकून टाकला. पैसे गेल्याचा संताप आहेच. पण आपल्या गाडीचे एबीएस बंद आहे हे मला कळू नये अशी तजवीज एका माणसाने जाणूनबुजून केली, हे मला आजही सहन होत नाही.

गॅरेजमध्ये नको ते भाग गळ्यात मारतात, हे सर्वांनाच ठाऊक असते आणि मलाही ठाऊक होते. म्हणूनच एबीएसचा दिवा लागून राहिला तेव्हा मी सावधपणे आधी स्कॅन करून, म्हणजे गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचून घेतले आणि त्याचा छापील कागद मागून घेतला. त्यावर एकच कोड होता, सी००४०, म्हणजे पुढच्या उजव्या चाकाच्या स्पीड सेन्सरचे सर्किट. यातला ‘सर्किट’ हा शब्द मला कुणी उलगडून सांगितला नाही. कोड केवळ बिघाड कोणत्या चाकाच्या वाटेवर आहे ते दाखवतो. त्या वाटेवर सेन्सर असतो, वायर असते, कनेक्टर असतो, चाकासोबत फिरणारी दात असलेली टोन रिंग किंवा बेअरिंगमधली चुंबकीय रिंग असते, आणि यांपैकी काहीही बिघडले तरी स्कॅनर तोच कोड दाखवू शकतो. जो मेकॅनिक नुसता कोड वाचून सेन्सर बदलायला सांगतो, त्याने अजून तपासणी केलेलीच नसते.

त्यानंतर गॅरेजवाल्याने मीटर काढला आणि एकेक सेन्सर ओहमवर, म्हणजे विजेचा रोध मोजून, दाखवला. चारही सेन्सरवर मीटर काहीच दाखवेना. ‘बघा, चारही गेलेत, आणि चारही गेले म्हणजे मॉड्यूलनेच ते जाळले,’ असे त्याने मला समजावले. डोळ्यांदेखत केलेल्या मोजणीवर कोण अविश्वास दाखवील? ही मोजणीच निरर्थक होती, हे मला फार उशिरा समजले. जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये चुंबकाभोवती तारेची गुंडाळी असते. तिचा रोध साधारण एक-दोन हजार ओहमच्या आसपास मोजता येतो आणि चाक फिरले की ती स्वतःच वीज निर्माण करते. माझ्या गाडीत मात्र सक्रिय प्रकारचे सेन्सर आहेत. त्यांना मॉड्यूलकडून वीजपुरवठा लागतो आणि चाक फिरू लागले की त्यांतला प्रवाह साधारण ७ आणि १४ मिलिअँपिअर यांच्यामध्ये वरखाली होतो. अशा सेन्सरवर ओहम मोजून तो चांगला की वाईट हे ठरत नाही, उलट मीटरमुळे त्यालाच इजा होऊ शकते. चांगला सेन्सर मेलेला दाखवण्याची ही फारच सोपी युक्ती आहे. शिवाय चारही सेन्सर खरोखरच गेले असते तर कोडही चारही चाकांचे आले असते, आणि माझ्या हातातल्या कागदावर एकच होता.

बिलाचा हिशेब असा होता: मॉड्यूल ३८,५०० रुपये, चार सेन्सर प्रत्येकी ३,२०० प्रमाणे १२,८००, स्कॅनिंग १,५०० आणि मजुरी ४,२००. हे सगळे एका कोऱ्या कागदावर लिहिलेले होते, शिक्का नव्हता, भागांचे क्रमांक नव्हते. पक्के बिल मागितले तर मॉड्यूल दुसरीकडून मागवल्याने ते नंतर देतो, असे उत्तर मिळाले. जुने भाग मागितले तर ‘बदलीत दिले’ असे सांगण्यात आले. जुना भाग तुमच्या मालकीचा असतो. काम सांगतानाच तो परत हवा असे लिहून घ्या, आणि तो हातात पडेपर्यंत पैसे देऊ नका.

आता त्या क्षणाविषयी, जो आठवला की अजूनही अंगाचा तिळपापड होतो. गाडी ताब्यात देताना त्याने स्वतः चावी फिरवली. डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागला, इंजिनाचा लागला, ऑइलचा लागला, हँडब्रेकचा लागला, आणि त्यांच्या मधली एबीएसची जागा काळीच राहिली. ‘बघा, दिवा गेला,’ असे तो म्हणाला. तो दिवा जावा यासाठीच तर मी गाडी दिली होती. पण निरोगी गाडीत तो दिवा त्या क्षणी लागायलाच हवा. चावी फिरवली की एबीएस स्वतःची तपासणी करते, तेवढे काही सेकंद दिवा लागलेला राहतो आणि मग विझतो. दिवा लागून विझला तर यंत्रणा ठीक आहे असे मानता येते. मुळात लागलाच नाही, तर कुणीतरी त्याचे तोंड बंद केले आहे किंवा दिवाच खराब आहे. गाडीसोबत आलेल्या पुस्तकात हे छापलेले असते. परंतु ज्या दिव्याने जीव मेटाकुटीला आणला होता, तो नाहीसा झालेला पाहून तो काही सेकंद का लागला नाही असा प्रश्न विचारणारा ग्राहक हजारांत एखादाच निघेल, आणि तो माणूस नेमका याच गोष्टीवर विसंबून होता.

एबीएस बंद असले तरी साधे ब्रेक नेहमीसारखेच लागतात, म्हणून रोजच्या वापरात काहीच जाणवले नाही. जाणवले ते ओल्या रस्त्यावर, समोरची गाडी एकदम थांबली तेव्हा. मी पूर्ण ताकदीने ब्रेक दाबला. अशा वेळी पायाखाली जी धडधड जाणवायला हवी ती जाणवली नाही, चाके जाम झाली आणि स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळच घसरत गेली. पुढच्या गाडीपासून हातभर अंतरावर ती थांबली. कुणाला इजा झाली नाही, हे केवळ दैव.

दुसऱ्या मेकॅनिकने स्कॅनर लावला तर तोच कोड, सी००४०, तसाच बसलेला. त्याने मला शेजारी बसवून गाडी चालवली आणि स्कॅनरवर चारही चाकांचा वेग एकाच वेळी दाखवला. तीन चाके ३० किलोमीटर दाखवत होती, पुढचे उजवे शून्यावर होते आणि वळणावर मध्येच उसळी घेऊन पुन्हा शून्यावर येत होते. खरी तपासणी ही आहे. एबीएसच्या कामासाठी गाडी देत असाल तर चालत्या गाडीत चारही चाकांचे आकडे दाखवायला सांगा. जो नकार देईल त्याच्याकडून गाडी परत घ्या. रिंगला तडा असेल तर चाकाच्या दर फेऱ्याला आकडा ठरावीक ठिकाणी अडखळतो, बेअरिंग ढिले असेल तर सेन्सर आणि रिंग यांच्यातले अंतर बदलत राहते, आणि आकडा स्टिअरिंगसोबत येत-जात असेल तर वायरीवर संशय घ्यावा. त्याने चाक काढले आणि शॉकअबसॉर्बरच्या क्लिपपाशी जोडवायर दोन बोटांत धरून हलकेच वाकवली. सरळ धरली की वीजपुरवठा येई, वाकवली की जाई. बाहेरचे रबर शाबूत होते, आतली तांब्याची तार तुटलेली होती. वायर बदलून, कोड पुसून आणि पुन्हा चालवून पाहण्यासकट त्याने २,८५० रुपये घेतले आणि पक्के बिल दिले.

मग उरलेले सगळे उघडकीला आले. पुढचा उजवा सेन्सर तेवढा नवीन होता. मागच्या चाकांचे सेन्सर हबमध्ये गंजून इतके घट्ट बसले होते की ते न तोडता निघणेच शक्य नव्हते. मॉड्यूलला जोडलेल्या ब्रेकच्या नळ्यांच्या नटांवर जुन्या धुळीचा थर जसाच्या तसा होता, पान्ह्याचा एकही ओरखडा नव्हता, आणि लेबलवरचा क्रमांक मी बॅटरी बदलताना काढलेल्या जुन्या फोटोतल्या क्रमांकाशी तंतोतंत जुळला. कोणतेही काम देण्यापूर्वी असे फोटो काढून ठेवा. एबीएसचा दिवा अजूनही लागत नव्हता, म्हणून मीटर कन्सोल उघडले, तेव्हा त्या बारीकशा दिव्यावर काळ्या चिकटपट्टीचा नीट कापलेला चौकोन सापडला. सेन्सर बदलूनही दिवा जाईना, म्हणून त्याने हा मार्ग काढला होता, हे उघड आहे.

यानंतर दाद मागताना जे भोगावे लागले, त्यापुढे फसवणूक सौम्य वाटावी. गॅरेजवाल्याने सरळ कानावर हात ठेवले. पोलिसांनी हा दिवाणी मामला आहे असे सांगून तक्रार लिहून घेतली नाही. ब्रेकचा इशारा देणारा दिवा झाकणे हा जीवाशी खेळ आहे, यावर ‘अपघात झाला आहे का?’ असा प्रतिप्रश्न आला. म्हणजे तक्रार नोंदवण्यासाठी आधी कुणीतरी मरायला हवे होते काय? वाहन तपासणी कार्यालयाने आपण गाड्या तपासतो, गॅरेज तपासत नाही, असे सांगितले. ग्राहक तक्रार कक्षाने पक्के बिल मागितले, जे न देणे हाच त्या फसवणुकीचा भाग होता, आणि शिवाय अधिकृत सर्व्हिस सेंटरचे लेखी मत आणायला सांगितले. सर्व्हिस सेंटरने गाडी पाहिली, मॉड्यूल मूळचेच असल्याचे तोंडी मान्य केले आणि बाहेरच्या गॅरेजच्या कामाबद्दल लिहून देता येत नाही असे म्हटले. गाडीच्या कंपनीच्या ग्राहक सेवेने मला पुन्हा त्याच सर्व्हिस सेंटरकडे पाठवले. प्रत्येकाने माझे म्हणणे खरे मानले आणि एकानेही ते कागदावर उतरवले नाही. असे प्रकार करणाऱ्यांचे फावते ते या टोलवाटोलवीमुळेच.

सुदैवाने मी पैसे रोख दिले नव्हते. ५७,००० रुपये त्याच्या खात्यात गेल्याची बँकेची नोंद, दोन्ही स्कॅनचे कागद, लेबलचे दोन फोटो आणि ती चिकटपट्टी जागेवर असतानाचा फोटो, एवढे जोडून मी ग्राहक तक्रार कक्षाकडे लेखी अर्ज केला आहे आणि दुसऱ्या मेकॅनिकने आपले निरीक्षण सही करून दिले आहे. अर्जाची पोच मिळाली आहे, सुनावणीची तारीख अद्याप मिळालेली नाही.