झेनिट-ई आणि डार्करूमचा क्लास : ९ महिन्यांनंतर

मागच्या नोव्हेंबरात पुण्याच्या जुन्या बाजारात १,२०० रुपयांना झेनिट-ई हा फिल्मचा कॅमेरा घेतला. सोव्हिएत काळातला, क्रास्नोगोर्स्कचा, हातात घेतला की मनगटाला वजन जाणवतं असा. सोबत हेलिओस ४४-२ ही ५८ एमएमची लेन्स. फेब्रुवारीत चार रविवारांचा डार्करूमचा, म्हणजे अंधाऱ्या खोलीत फिल्म धुऊन फोटो छापायचा, क्लास केला, फी साडेतीन हजार. आतापर्यंत १४ रोल झालेत. माझं मत आता पक्कं आहे : पैसे कॅमेऱ्यात वाचवा, क्लासमध्ये वाचवू नका.

कॅमेऱ्याला बॅटरी लागत नाही. उजेड मोजणारा लाईट मीटर सेलेनियमचा, माझ्या कॅमेऱ्यातली त्याची सुई हलतच नाही. इतक्या जुन्या मीटरवर विसंबूही नये. कडक उन्हात अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ १६ एवढं लहान आणि शटरचा वेग फिल्मच्या आयएसओएवढा (फिल्म उजेडाला किती संवेदनशील, तो आकडा), हा जुना नियम पाठ केला. ४०० च्या फिल्मला १/५००, आणि झेनिटचा सगळ्यात जलद वेग तेवढाच. खाली १/३० आणि मग थेट बी, म्हणजे बटण दाबून धराल तोवर शटर उघडं. घरात किंवा तिन्हीसांजेला त्याच्याकडून फार काही मिळत नाही. वेगाची चकती शटर ओढल्यावरच फिरवायची. लेन्सला दोन रिंगा : एकीवर अ‍ॅपर्चर ठरवायचं, उघड्या लेन्सवर फोकस करायचा, मग दुसरी रिंग फिरवून अ‍ॅपर्चर मिटवायचं. हे मिटवायचं विसरले आणि पहिल्या रोलवरच्या भर उन्हातल्या ९ फ्रेम निगेटिव्हवर ठार काळ्या झाल्या. व्ह्यूफाइंडरमध्ये पूर्ण फ्रेम दिसत नाही, कडेचं बरंच काही नंतर फोटोत उगवतं. म्हणून मी आता एक पाऊल पुढे जाऊन फोटो काढते.

पहिले चार रोल बाहेर धुवायला टाकले. स्कॅन आले ते सगळे एकसारखे राखाडी, एका रोलवर तर लांबच लांब ओरखडे. चूक माझी, कॅमेऱ्याची की धुणाऱ्याची, हे कळायला काही मार्ग नव्हता.

तो मार्ग क्लासने दिला. पहिल्या रविवारी डोळे मिटून वाया गेलेला रोल स्पायरलवर (फिल्म धुताना ती गुंडाळून ठेवायच्या चक्रीवर) चढवायचा, पुन्हा उतरवायचा, एवढंच. मग फिल्म धुणं : चित्र उमटवणारं डी-७६, ते थांबवणारं स्टॉप बाथ, चित्र पक्कं करणारं हायपो. दुसऱ्या आठवड्यात सरांनी माझी एकच निगेटिव्ह २ नंबरच्या आणि ४ नंबरच्या फिल्टरवर छापायला लावली (नंबर जेवढा मोठा, तेवढा फोटोतला काळ्या-पांढऱ्याचा फरक जास्त). मंडईतली भाजीवाली, तिच्या पाटीखालची सावली दोन्ही कागदांवर सपाट काळी. ‘निगेटिव्हवर जे आलंच नाही ते कागदावर कुठून आणणार?’ सर म्हणाले. त्या दिवसापासून मी सावलीचा विचार आधी करते. रोल सुधारले ते लाल दिव्यात उभं राहिल्यामुळे. स्कॅन बघत बसले असते तर हे कधीच कळलं नसतं.

जूनमध्ये पालखी पुण्यात आली. आभाळ भरलेलं, म्हणून एफ ८. दिवसभरात ३६ फ्रेम. त्यातली एक, टाळ घेतलेले आजोबा, क्लासच्याच डार्करूममध्ये तासावर जागा घेऊन छापली. कागदावर किती वेळ प्रकाश पाडायचा ते आधी टेस्ट स्ट्रिपवर, म्हणजे कागदाच्या पट्टीवर, बघितलं; १४ सेकंद ठरले, पण चेहरा काळवंडत होता आणि टोपी कोऱ्या कागदासारखी पांढरी. तारेला चिकटवलेल्या पुठ्ठ्याच्या गोल तुकड्याने चेहऱ्यावर ४ सेकंद सावली धरली, टोपीला ६ सेकंद जास्त प्रकाश दिला. सातव्या कागदावर टोपीची शिवण दिसली. मी तो ओला प्रिंट हातात धरून बराच वेळ उभी होते.

खर्च कमी नाही. रोल साधारण ८०० रुपये, बाहेर धुणं-स्कॅन ५५०, घरी धुतला तर ७० च्या आसपास. ८ बाय १० चा कागद १३० ला एक, म्हणजे आजोबांच्या त्या प्रिंटला ९१० रुपये नुसत्या कागदाचे. घरी फिल्म धुवायचा बंद डबा आणि चेंजिंग बॅग (उजेड आत न येणारी, फिल्म डब्यात भरायची पिशवी) पुरते. मे महिन्यात मात्र गच्चीवरच्या टाकीचं पाणी इतकं तापतं, की २० अंशांसाठी बादलीत बर्फाच्या पिशव्या सोडाव्या लागतात.

असा कॅमेरा घेणार असाल तर लेन्स काढा, मागचं झाकण उघडा, शटरचे कापडी पडदे उजेडासमोर धरून बघा. टाचणीएवढं भोक असलं तरी प्रत्येक फोटोत पांढरा ठिपका येतो. लेन्समध्ये बुरशीची जाळी दिसली तर ठेवून द्या, जुन्या बाजारात पुढच्या बुधवारी किंवा रविवारी दुसरा मिळेल.