शेततळ्याचा ५०० मायक्रॉन कागद : तीन उन्हाळ्यांनंतरचे मत

२०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील कितीतरी मोसंबीच्या बागा वाळून गेल्या आणि आमच्याही बागेवर कुऱ्हाड चालवावी लागली. मोसंबीचे नवे झाड चांगले फळावर यायला पाच-सहा वर्षे जातात. पाऊस एकाच वर्षी दगा देतो, पण घरातली उधारी पुढे कित्येक वर्षे फिटत नाही. म्हणून नव्या बागेसाठी ३० बाय ३० बाय ३ मीटरचे शेततळे खोदून त्यात ५०० मायक्रॉनचा, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीचा, प्लास्टिकचा कागद अंथरला.

कागदाबद्दल तक्रार नाही. तीन उन्हाळे सोसूनही तो तडकलेला नाही आणि आमच्या मुरमाड जमिनीत पाणी जिरणे पूर्ण थांबले. तक्रार आहे ती बसवणाऱ्यांच्या कामाची. तळातले अणकुचीदार दगड न वेचताच त्यांनी कागद पसरला आणि कोपऱ्यातला एक जोड कच्चा ठेवला. पहिल्याच भरणीला पाणी रातोरात वीतभर उतरले, तेव्हा सगळे तळे उपसून जोड पुन्हा चिकटवावा लागला. पाणी सोडण्यापूर्वी प्रत्येक जोड स्वतः हाताने ओढून पाहावा.

बाजू उतरत्या असल्याने काठोकाठ भरल्यावर या तळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. ३०० झाडांना ठिबकने रोज प्रत्येकी १०० लिटर दिले तर ते ७३ दिवस पुरते, असे हिशेबात दिसते. प्रत्यक्षात मार्चअखेरीस मोटार बंद ठेवून काठीवर खूण केली, तेव्हा आठ दिवसांत पाणी सात सेंटिमीटर खाली गेले होते. म्हणजे ५०,००० लिटरांहून अधिक पाणी नुसते उन्हाने नेले. आंबे बहाराला, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या मोसंबीच्या बहाराला, नेमकी याच दिवसांत पाण्याची ओढ असते, हे जीवाला फार लागते.

त्यामुळेच बोअरचे पाणी उपसून तळे भरण्याची पद्धत मला मान्य नाही. जमिनीच्या पोटात सुरक्षित असलेले पाणी वर आणून उन्हात ठेवायचे आणि शेजाऱ्याची विहीर महिनाभर आधी कोरडी पाडायची, हा दुष्काळावरचा उपाय नसून दुष्काळ शेजारी ढकलणे आहे. मी ऑगस्ट-सप्टेंबरात ओढ्याला आलेले पाणीच घेतो. ज्या वर्षी ओढा वाहत नाही, त्या वर्षी तळे निम्मेही भरत नाही आणि तेवढ्यावर झाडे फक्त जगवता येतात, बहार धरता येत नाही.

कागद घ्यायचा तर ५०० मायक्रॉनच घ्यावा, मात्र त्याच दिवशी तारेचे कुंपण आणि चारही बाजूंना पाण्यापर्यंत पोचणारे गाठी मारलेले दोर यांचाही खर्च धरावा. ओल्या कागदावर पाय ठरत नाही. पोहता येणाऱ्या माणसालाही दोराशिवाय वर येता येत नाही.