कोलोरॅडोत एल्कचं व्हाउचर घेताय? आधी हे वाचा, माझे २,६२५ डॉलर गेलेत

डेन्व्हर, बोल्डर, फोर्ट कॉलिन्सकडच्या मराठी मंडळींसाठी लिहितोय, खास करून ज्यांना यंदा पहिल्यांदाच एल्कच्या (इथल्या मोठ्या जातीच्या हरणाच्या) शिकारीला जायचंय. माझे २,६२५ डॉलर बुडाले. बायको म्हणते कशाला जगजाहीर करतोस, लोक नावं ठेवतील. ठेवू देत, मी गप्प बसलो तर व्हाउचर विकणारा तो हरामखोर उद्या तुमच्यापैकीच कुणाला तरी गाठणार.

"शिकार करताच कशाला" हा वाद कृपा करून इथे नको. भारतात १९७२ च्या कायद्याने बंदी आहे आणि ती योग्यच आहे. इथे एल्क अडीच लाखांच्या वर आहेत, किती मारायचे ते राज्य ठरवतं, आणि एका नराच्या मांसावर घराचं वर्ष निघतं. मी सगळं रीतसर केलं होतं. हंटर एज्युकेशनचा कोर्स केला (१ जानेवारी १९४९ ला किंवा नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला तो लागतो), रेंजवर जाऊन रायफल शिकलो, केशरी जाकीट-टोपी आणली. घोडं अडलं ते टॅगपाशी, म्हणजे एल्क मारायच्या परवान्यापाशी. मुख्य ड्रॉचे, म्हणजे परवान्यांच्या सोडतीचे अर्ज एप्रिलच्या सुरुवातीलाच बंद होतात आणि नवख्या माणसाला हे कळेपर्यंत मे उजाडलेला असतो.

मग कुणीतरी सांगतं, जमीनमालकाचं व्हाउचर घे. ही सोय खरी आहे, कायदेशीर आहे, म्हणूनच त्यात फसवता येतं. ज्यांच्या रानात एल्क चरतात त्या मालकांना राज्य व्हाउचर देतं, मालक ते शिकाऱ्याला देतो, पैसेही घेतो, आणि त्या व्हाउचरवर आपण राज्याकडून लायसन्स विकत घ्यायचं. मला शिकाऱ्यांच्या एका ग्रुपात जाहिरात दिसली, युनिट ६१ (राज्याने शिकारीसाठी पाडलेला एक विभाग), म्हणजे अनकंपाग्रे पठार, जिथे ड्रॉमधून नंबर लागायला वर्षानुवर्षं पॉइंट साठवावे लागतात. दुसऱ्या रायफल सीझनचं बुल म्हणजे नर एल्कचं व्हाउचर, २,२०० डॉलर, विकणारा बोलून बोलून १,८५० ला आला. स्वस्त होतं हे मलाही कळत होतं, पण त्याच्याकडे कारण तयार होतं, ठरलेला पाहुणा ऐनवेळी आजारी पडला म्हणे. फोनवर अर्धा तास बोलला, वारा कुठून येतो, एल्क सकाळी कुठल्या ओढ्याला उतरतात, सगळं. लायसन्सचा फोटो पाठवला, घोड्यांचे फोटो पाठवले. अशा माणसावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर?

आता जिथे पकडायला हवं होतं ते सांगतो, कारण तेच आठवून रात्री झोप लागत नाही. व्हाउचरच्या फोटोवर हंट कोड होता, डीएम०६१ओ२आर. कोडचं पहिलं अक्षर म्हणजे प्राणी. एल्कचं असेल तर ई, डी म्हणजे डिअर, साधं हरीण! पुढचा एम म्हणजे नर, ०६१ युनिट, ओ२ दुसरा सीझन, आर रायफल. बाकी सगळं बरोबर आणि पहिलंच अक्षर चुकीचं. मी विचारलंसुद्धा त्याला, "हा डी कशाचा?" तर म्हणाला मागच्या वर्षीचा फॉर्म स्कॅन झाला, ओरिजिनल पोस्टाने येतंय. विचारलं होतं मी! पहिल्या वर्षीच्या माणसाने याहून जास्त काय करायचं?

१,८५० गेले, मग कॅम्पचा डिपॉझिट ६००, मग "ट्रान्सफर फी" १७५. असली कुठलीही फी विकणाऱ्याला द्यायची नसते, लायसन्सचे पैसे थेट राज्याला जातात. मग वॉर्डनच्या (वन्यजीव अधिकाऱ्याच्या) तपासणीचे म्हणून आणखी ४०० मागितले तेव्हा मी तो फोटो घेऊन वन्यजीव खात्याच्या काउंटरवर गेलो. तिथल्या बाईंनी त्या डी वर बोट ठेवलं आणि म्हणाल्या हा नंबर आमच्याकडचा नाहीच. एका मिनिटाचं काम. म्हणून सांगतो, पैसे पाठवायच्या आधी व्हाउचरचा नंबर घेऊन खात्याला फोन करा. आणि "मी मालकाच्या वतीने विकतो" म्हणणारा दिसला की तिथेच थांबा, व्हाउचरची दलाली कायद्यात बसत नाही.

त्यानंतरची टोलवाटोलवी तर विचारू नका. बँक म्हणते पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, तुमचा पासवर्ड, तुमचा फोन, त्यामुळे ही फसवणूक आमच्या व्याख्येत बसत नाही. अरे, फसवणूक म्हणजे माणूस स्वतःच्या हाताने पैसे देतो तीच ना? शेरीफच्या ऑफिसात गेलो तर म्हणे रँच ज्या काउंटीत आहे तिकडे जा. त्या काउंटीत फोन केला तर म्हणे पैसे जिथून गेले तिथे तक्रार करा. शेवटी एकाने "हे सिव्हिल मॅटर आहे, वकील बघा" म्हणून फोन ठेवला. २,६२५ डॉलरसाठी कुठला वकील उभा राहतो? ऑनलाइन तक्रार केली, एक नंबर आला, पुढे शांतता. माझ्याकडे त्याचा आवाज आहे, बँक खात्याचा नंबर आहे, सगळे मेसेज आहेत, आणि घ्यायला कुणी तयार नाही. हीच तक्रार एखाद्या बड्या रँचवाल्याने केली असती तर दुसऱ्या दिवशी गाडी गेली असती.

एच-वन-बी वाल्यांनो, तुमच्यासाठी तर हे पैशांपुरतं नाही. तुमच्या व्हिसावर बंदूक हातात धरणं हाच फेडरल गुन्हा आहे, वैध हंटिंग लायसन्स ही त्यातली सूट. म्हणजे खोट्या कागदाच्या भरवशावर रायफल घेऊन रानात गेलात तर काय होईल बघा. माझा मित्र दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला १,८५० पाठवणार होता, थोडक्यात वाचला.

गाइड घेणार असाल तर औटफिटरची (शिकारीच्या सहली नेणाऱ्याची) राज्याकडे नोंदणी असते, १०,००० डॉलरचा हमीचा बाँड असतो, फॉरेस्टच्या जमिनीवर नेणार असेल तर परमिट असतं. नंबर मागा, स्वतः तपासा. आणि पहिल्याच वर्षी युनिट ६१ हवंच कशाला, दुसऱ्या-तिसऱ्या रायफल सीझनचं साधं बुल टॅग बऱ्याच युनिटांत ड्रॉशिवाय थेट काउंटरवर मिळतं. मला हे आधी एकाही अनुभवी माणसाने सांगितलं नाही.

तेच घोडे, तोच फोटो घेऊन परवा नव्या नावाने जाहिरात आलीय, या वेळी युनिट ७६. कुणाला त्याचा मेसेज आला तर उत्तर देऊ नका, स्क्रीनशॉट मला पाठवा, मी तक्रारीला जोडतोय.